चौथा आकडा

आमच्या लाँड्रीत कपड्यावर नाव लिहायची पद्धत नाही. नावं सारखी असतात, लग्नात बदलतात, आणि भांडण झालं की माणसं आडनावही टाकून देतात. नंबर कुणी टाकत नाही.

सासूबाईंनी दुकान काढलं तेव्हा गल्लीतली नऊ घरं कपडे देत. त्यांना एक ते नऊ नंबर मिळाले. चार नंबर घड्याळजीचा. त्याचा थोरला वेगळा राहायला लागला आणि त्याची बायको चादरी घेऊन आली, तेव्हा सासूबाईंनी नवा नंबर शोधला नाही. चाराचा पहिला म्हणून चार-एक. चार-एकचा दुसरा मुलगा पुढे वेगळा झाला, तो चार-एक-दोन. बापाच्या नंबराला पोराचा अंकुर. कॉलर उलटून बघितली की हा कुणाचा कोण ते मला कळतं, मग तोंड बघायची गरज उरत नाही. कुणीतरी सासूबाईंना विचारलं होतं, नऊच्या वर पोरं झाली तर काय करायचं? त्या म्हणाल्या, त्यांना नंबर नको, डॉक्टरचा पत्ता द्या.

गल्लीबाहेरून जे आले त्यांच्या नंबराआधी शून्य. शून्यवाले कितीही जुने झाले तरी शून्यवालेच. यात अपमान काही नाही. घरचा तो घरचा, आणि पाहुणा तो पाहुणा.

ही शिस्त मी सासूबाईंकडून घेतली आणि एक टाका उसवू दिला नाही. शाळा मी फार पाहिली नाही, पण माझ्या दुकानातून एकाचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर गेला असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. निदान गेल्या वर्षापर्यंत असं मी छातीठोक सांगत होते.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने बारीक लिहिणं बंद करायला सांगितलं. धाकटी सून घरात बसून कॉम्प्युटरचं काम करते. कुठल्या तरी लांबच्या कंपनीसाठी दिवसभर खिडकीशी बसून टकटक करायची आणि मधूनच भिंतीशी बोलायची. पहिल्यांदा मला वाटलं पोरीला काही लागलंय की काय. तिने माझी अडचण बघितली आणि म्हणाली, आई, चिठ्ठ्या कॉम्प्युटरला करू द्या, तुम्ही नुसतं फोनमध्ये बोला.

आधी तिने रकाने केले. नंबर इथे सांगा, कपडे तिथे सांगा, डाग पलीकडे सांगा. मी म्हटलं, बाई गं, मी रकान्यात बोलत नाही. मी बोलते तशी बोलणार: तीन-एकचे शर्ट सहा, एकाला शाई सांडलीये, बटण तुटकं, बायको चिडलेली दिसतेय. ती हसली, आणि मग म्हणाली ठीक आहे, तुम्ही वाट्टेल तसं बोला, त्यातून नंबर कसा उचलायचा ते माझं मी बघते.

तिने तसं केलंही. मी बोलायचे, फोन नंबरातले आकडे एकमेकांना जोडून लिहायचा, ती ओळ कॉम्प्युटरकडे जायची, आणि कॉम्प्युटर त्यातून नंबर वेचून घराचा पत्ता छापलेली चिठ्ठी काढायचा. ज्या नंबराचा पत्ता त्याला माहीत नसेल त्याच्या चिठ्ठीवर ‘फळी’ असं छापून यायचं. म्हणजे तो गठ्ठा फळीवर ठेवायचा, गिऱ्हाईक येऊन नेईल. गठ्ठे पोचवायला आमच्याकडे जो माणूस आहे त्याला सगळे तुफान म्हणतात. कासव त्याच्या पुढे निघून जाईल, म्हणून तुफान. पण तो चिठ्ठीच्या बाहेर पाऊल टाकत नाही, हा त्याचा गुण.

एका दुपारी मटार सोलताना मी सुनेला विचारलं, त्या डबड्याला कसं कळतं की नंबर कुठला आणि चिडलेली बायको कुठली? तिने मांडीवरचा कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. एक उलटी तिरकी रेघ, तिला टेकून इंग्रजी डी. ही जोडी म्हणजे इथे शून्य ते नऊ यातला कुठलाही एक आकडा चालेल. त्याच्यापुढे महिरपी कंसात एक आणि तीन. म्हणजे असे आकडे कमीत कमी एक, जास्तीत जास्त तीन. कॉम्प्युटर ओळीवरून बोट फिरवत जातो, पहिला आकडा लागला की थांबतो, आणि तिथून तीनापर्यंत जितके सलग मिळतील तितके उचलतो. याला ती रेजेक्स म्हणाली. मी म्हटलं, म्हणजे शेंग. फोडायची आणि आत असतील तेवढे दाणे काढायचे.

तीन कुठून आणलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, दुकानातले सगळे नंबर बघितले, तीनापेक्षा लांब एकही नाही.

खरं होतं ते. त्या दिवशी खरं होतं.

पुढे थंडी सरत आली होती तेव्हा चार-एक-दोनची मुलगी दुकानात आली. चार-एक-दोन म्हणजे ड्रायव्हिंग मास्तर. गाडी शिकवतो, आणि घरातही सगळ्यांच्या पायापाशी स्वतःचा एक ब्रेक बसवून घेतलाय त्याने. मुलगी एकुलती एक. बापाला वाटायचं तिने त्याच्या ऑफिसात बसून फोन घ्यावेत. ती दुसऱ्या गावी जाऊन नर्सिंग शिकली. तर हा बाप तिथे त्या नर्सिंगच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगत बसला की माझी पोर घरातून पळून आलीये. पोरीला ती शाळा सोडून दुसरी धरावी लागली. हे आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. हे ठाऊक नव्हतं की ती परत आलीये, नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात लागलीये आणि एकटीच खोली घेऊन राहतेय.

तिने दोन पांढरे कोट काउंटरवर ठेवले. म्हणाली, आजी, नोकरी अजून कच्ची आहे. पक्की होईपर्यंत बाबांना कळायला नको. कळलं तर ते तिथल्या फाटकाशीही येतील. खोलीत नळाला पाणी धड येत नाही, आणि वॉर्डात मळका कोट घालून गेलं की हेडसिस्टर दारातूनच परत पाठवते. म्हणून तुमच्याकडे आले.

मी म्हटलं, बरं केलंस. तर म्हणते, मला शून्यातला नंबर द्या.

मला राग आला. मी म्हटलं, तुझ्या पणजोबाचा कोट माझ्या सासूने धुतलाय. तू शून्यात कशी जाशील? शून्य परक्यांना. बापाशी पटत नाही म्हणून तू कुणाची नाहीस असं होत नाही. तू चार-एक-दोन-एक. तिचं तोंड उतरलं. मग मी तिला सांगितलं की नंबर कॉलरच्या आत असतो, बाहेरून कुणाला दिसत नाही. आणि या नंबराला पत्ता लावणार नाही, म्हणजे गठ्ठा फळीवर राहील, तू येऊन घेऊन जा.

“तुझा कपडा तुझ्याशिवाय दुसऱ्याच्या हातात जाणार नाही,” मी म्हटलं. “हा माझा शब्द.”

पक्क्या शाईने कॉलरीत नंबर घातला. आमच्याकडचा पहिला चार आकडी नंबर. सासूबाई असत्या तर खूश झाल्या असत्या. फोनमध्ये बोलले: चार-एक-दोन-एक, पांढरे कोट दोन, खळ हलकी, खिशाची शिवण गेलीये, ती आपली नाही. सून तेव्हा तिच्या कामात भिंतीशी बोलत होती. तिला सांगायचं काही कारण मला दिसलं नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी पोर कोट न्यायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची ड्यूटी होती. मी फळीवर हात घातला तर तिथे शून्यवाल्यांचे गठ्ठे. खाली बघितलं, मागे बघितलं. तुफान सायकल लावत होता, त्याला विचारलं. तो त्याच्या चालीने आठवत आठवत म्हणाला, पांढरे कोट ना, ते दुपारी मास्तरांकडे दिले. चिठ्ठीवर मास्तरच होते.

पोरीने ऐकलं होतं. ती बाकावर बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाली, मग आता उद्या ते फाटकाशी येतील. रडली नाही, ओरडली नाही. कुणी उद्याचा पाऊस सांगावा तसं म्हणाली.

मी सुनेला हाक मारली. तिने कॉम्प्युटर उघडला, माझी ओळ काढली. ओळीत नंबर पूर्ण होता, चारही आकडे. चिठ्ठीवर तीनच. तिने एकदा ओळीकडे बघितलं, एकदा चिठ्ठीकडे, आणि कपाळावर हात ठेवून बसली.

मी विचारलं, चौथा गेला कुठे? ती म्हणाली, कुठेच गेला नाही, मी उचललाच नाही. तीनापर्यंत घे म्हणून सांगितलं होतं, त्याने तीन घेतले. पुढे आणखी एक आकडा उभा आहे का, हे बघायला मी सांगितलंच नव्हतं. आणि जे तीन हातात आले ते नेमके खरे निघाले. चार-एक-दोनचा पत्ता त्याच्याकडे होता. दुसरा कुठला आकडा आला असता तर निदान अडलं तरी असतं.

खरंय. अर्धं ऐकून धावणारा माणूस आणि हे यंत्र, दोघांची जात एक. अडत नाहीत, म्हणून हुशार वाटतात.

तिने तिथल्या तिथे दुरुस्त केलं. कंसातला तीन काढला, कितीही आकडे असोत सगळे घे असं केलं, आणि दोन्ही टोकांना एकेक खूण घातली, की इथे आकडे संपले पाहिजेत, अर्ध्यात तोडायचं नाही. कापडाच्या दोन्ही कडा दुमडून शिवतात तसं. मला समजावून सांगायला लागली. मी म्हटलं ते नंतर.

“तीन मी लिहिलं होतं, आई,” ती म्हणाली.

“आणि चौथा मी दिला. वाटण्या घरी आल्यावर करू. चप्पल घाल.”

पोर उठायला लागली, तिला मी बसवलं. तू त्या दारात गेलीस तर मग कोटाचं कामच उरलं नाही. तुफानला तिच्यापाशी ठेवलं. निदान त्याच्या बोलण्यात वेळ तरी जातो.

मास्तरांच्या दारात गाडी उभी होती, छपरावर ‘शिकाऊ’ची पाटी. म्हणजे तो घरात. बेल वाजवली. दार त्याच्या बायकोने उघडलं. ती आधीच किडकिडीत, त्यात त्या दिवशी अर्धी दिसत होती. मागे मास्तर खुर्चीत, पाय स्टुलावर, टीव्हीवरच्या बातम्यांना उत्तरं देत बसलेला.

काय काकू, आज स्वारी स्वतः, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्याचा गठ्ठा तुमच्याकडे आलाय, घेऊन जाते. तो म्हणाला, तुमच्याकडून? तुमच्याकडून चूक? मग जग बुडायला हरकत नाही. आमच्याकडे तर काही आलेलं नाही. काय गं, आलंय का?

मी बायकोकडे बघितलं. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “पडदे आलेत कुणाचे तरी. आत ठेवलेत.”

पडदे. तेव्हाच मला कळलं की तिला सगळं कळलंय.

ती मला आत घेऊन गेली. मास्तरही उठायला लागला, पाय स्टुलावरून काढले. तेवढ्यात माझी सून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मला गाडी शिकायचीये, क्लच जमेल का मला? ही पोर गेली पाच वर्षं गाडी चालवते. पण मास्तर परत खुर्चीत टेकला. बायकांचा पाय क्लचवरून लवकर का उठतो यावर त्याने बोलायला सुरुवात केली. आणि ती, जी मला दिवसातून चारदा उलट उत्तर देते, ती हात जोडल्यासारखी उभी राहून ‘हो का’, ‘अच्छा’ करत राहिली.

आतल्या खोलीत कपाटाच्या तळाशी, रजयांच्या खाली, ते दोन कोट होते. उलगडून परत घडी केलेले. दुकानची घडी मोडली की मला लांबूनही दिसते.

मी काही बोलायच्या आधी तिने वरच्या कोटाची कॉलर उलटली आणि नंबरावर बोट ठेवलं.

“काकू, माझ्या पोटी एकच पोर आहे. हा नंबर कुणाचा, ते मला दुसऱ्या कुणी सांगायला नको.”

चाळीस-पन्नास वर्षं मी मिरवत आले की आमचा नंबर बोलतो. तो मी सोडून आणखी कुणाशी बोलेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिला म्हटलं, मी एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगत नाही. ती म्हणाली, नका सांगू. मी कुठे विचारलंय? मग कोटावरून हात फिरवत म्हणाली, पांढरा कोट म्हणजे पास झाली. नंबर ताजा आहे, म्हणजे इथेच आहे. आणि कंबरेला दोन्हीकडून टाके मारून घेतलेत, म्हणजे खात नाही नीट.

खिशाची उसवलेली शिवण तिने दुपारी घालून टाकली होती. सफेद दोऱ्याने, बारीक, उलट्या टाक्याची. मी धोबीण आहे, हात ओळखते. तसा टाका फार जणींचा नसतो.

बाहेरून मास्तर ओरडला, पडदे काय विणताय का आत? मी चटकन कोट माझ्या पिशवीत घातले आणि वर येताना बरोबर घेतलेली आमच्याच दुकानची एक चादर दाबली. बायकोने माझा दंड धरला. हळूच विचारलं, पुढच्या आठवड्यात अशी चूक परत व्हायची का?

“नाही,” मी म्हटलं. “दुरुस्त झाली.”

तिने मान हलवली आणि दंड सोडला. मला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. पण शब्द पोरीला दिलेला होता, तिच्या आईला नव्हे.

घरी येताना सून म्हणाली, तो माणूस पैजेवर बोलतो का हो? मी म्हटलं, तू मात्र आज गाडी चांगली चालवलीस. मी तिचं एवढं कौतुक केल्याची ती पहिलीच वेळ.

पोर बाकावरच होती. कोट हातात घेतला, आणि खिसा बघितला. त्यात दोन बोटं घालून शिवण आतून चाचपली. बराच वेळ ती बोटं तिथेच.

“बाबांनी बघितलं?”

मी सांगितलं, त्यांना पडदे माहितीयत. आईला नंबर वाचता येतो.

तेव्हा ती म्हणाली, मी तुम्हाला शून्यातला नंबर मागितला होता, आजी. आवाज चढवला नाही, पण मला सुनेच्या देखत ऐकून घ्यावं लागलं, आणि मी ऐकून घेतलं. म्हटलं, आण इकडे, बदलून देते. नळाशेजारच्या बाटलीतल्या औषधाने पक्की शाई उडते, कापड थोडं विरतं. एका कोटावरचा चार-एक-दोन-एक मी माझ्या हाताने उडवला आणि तिथे शून्याचा नंबर घातला. आमच्या गल्लीतल्या रक्ताला शून्य दिलेलं हे पहिलंच. दुसरा कोट ओढायला गेले तर तिने तो घडी करून पिशवीत टाकला होता. म्हणाली, एक पुरे, उद्याला हाच घालायचाय. आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तर कुठल्याही फाटकाशी गेला नाही. त्याने क्लचच शिकवला. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.

आठवडा गेला. पोर परत आली, तेव्हा काउंटरवर मी आणि सून दोघीही होतो. तिने दोन गठ्ठे ठेवले. मोठ्यात चादरी, टॉवेल, शून्यवाला कोट. तो फळीवर ठेवा, मी नेईन. लहान गठ्ठ्यात एकच कोट, ज्यावरचा नंबर तिने राहू दिला होता तो. त्याची एक बाही कोपराशी फाटली होती. पलंगाच्या खिळ्याला अडकली, असं ती म्हणाली. मी फाट बघितली. खिळ्याने कापड वेडंवाकडं जातं, हे सरळ गेलं होतं. पण दिवसभर पेशंट उचलणारीची बाही कशी फाटते त्यावर मी कशाला बोलू?

“याला पत्ता लावा,” ती सुनेला म्हणाली. “आईचा. दुपारी द्यायचा, बाबा शिकवणीला गेल्यावर.”

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतेस, गिऱ्हाईक सांगतंय तसं टाक. तिने चार-एक-दोन-एक लिहिलं आणि पुढे पत्ता टाकला. कॉम्प्युटरने चारही आकडे उचलले, चिठ्ठी बरोबर निघाली. तुफानला मी सांगून ठेवलं, छपरावर पाटी असलेली गाडी दारात दिसली तर पुढे निघून जायचं, वळसा घालून परत यायचं. त्याच्या वेगाने वळशाला तासभर लागतो, ते सोयीचंच.

नोकरी अजून कच्चीच आहे. पक्की झाली की काय ठरवायचं ते माय-लेकी ठरवतील, त्यात माझं काम नाही.

चार दिवसांनी मास्तरांच्या घरून कपडे आले. त्यांच्या चादरींच्या मधोमध तो कोट होता. बाही शिवलेली, दोन बटणं बदललेली, कंबरेचे टाके एकेका बोटाने सैल केलेले. आणि कोट धुवूनच पाठवला होता. घरी, हाताने. खळ ठिकठिकाणी, पाठीवर इस्त्रीची तिरकी घडी, कॉलरचं टोक मुडपलेलं. माझ्या दुकानातून असा कपडा आजवर बाहेर गेलेला नाही.

सून म्हणाली, आई, इस्त्रीला टाकू का परत?

मी म्हटलं, नको. तसाच ठेव फळीवर.